मागचा वॉशर: पंप घेण्याआधी मल्टिमीटर लावा

गाडीच्या काचेवर पाणी उडवणारा पुढचा वॉशर चालतो आणि मागचा नाही, म्हणजे मागचा पंप गेला, असं म्हटलं जातं. ते दरवेळी खरं नसतं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे वेगळा पंप नसतोच. बॉनेटखालच्या टाकीला एकच मोटर, तिला दोन तोंडं. मागच्यासाठी स्विच दाबला की प्लस-मायनसची अदलाबदल होते, मोटर उलटी फिरते आणि पाणी मागे जातं. अशा गाडीत पुढचा चालतोय म्हणजे मोटर जळालेली नाही, फ्यूजही शाबूत.

माझ्या अशाच गाडीत मेकॅनिकने डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी पाइपातल्या वायरी तपासण्यात अर्धा दिवस घालवला. (तिथे वायरी तुटतात खऱ्या, पण वायपरच्या, मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या. पंपाची वायर तिकडे जातच नव्हती!) शेवटी मीच पंपाचं सॉकेट काढून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावला आणि मुलाला स्विच दाबायला बसवलं. पुढच्यासाठी १२ व्होल्ट, मागच्यासाठी शून्य. प्लस-मायनस उलटे होतात म्हणून तिथे उणे १२ दिसायला हवं होतं. स्टिअरिंगजवळच्या दांडीतला एक कॉन्टॅक्ट काळा पडला होता, साफ केल्यावर काम झालं. उणे १२ दिसलं असतं तर मात्र वायरिंग सोडून पाण्याची नळी कुठे सुटलीय किंवा तुंबलीय ते बघितलं असतं.