अनुभव धागा: नव्या वर्षाचं ठरवलेलं टिकलं कशामुळे?

डिसेंबर सरत आला की घरोघरी यादी होते. पहाटे उठायचं, वजन उतरवायचं, गोड बंद. फेब्रुवारीत तिचं काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते इथे नको. ज्यांचं ठरवलेलं वर्षभर चाललं त्यांनी सांगा: काय ठरवलं होतं, आणि ते मोडू नये म्हणून टेकू कशाचा लावला? 'सकारात्मक राहा' छापाचं काही लिहू नका, प्लीज.

बिनसाखरेचा
आमच्या डॉक्टरांनी वजनाचा आकडा दिलाच नाही. म्हणाले, एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, सातच्या खाली आणू, दर तीन महिन्यांनी बघू. ही तपासणी मला आवडली, कारण तिच्यात लबाडी चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब तिच्यात उतरतो. आदल्या दिवशी उपास करून आकडा फसत नाही, आणि एखाद्या लग्नात जिलबी खाल्ली म्हणून आभाळही कोसळत नाही. मी एवढंच केलं की जेवणानंतर लगेच खुर्चीत बसायचं नाही, आणि रात्रीचा भात निम्मा. ८.४ वरून वर्षअखेर ६.९. बायकोचं म्हणणं, श्रेय भात वाढणाऱ्या हाताचं. असेल.

काळी माती
जानेवारीत रानात हरभरा उभा असतो, तेव्हा कुठली ठरवाठरवी? आमचं वर्ष मृगाला फिरतं. गेल्या खेपेला ठरवलं होतं की माती तपासल्याशिवाय खताचं पोतं घ्यायचं नाही. हे काम रब्बी निघाल्यावर, रान मोकळं असतानाच होतं, त्यामुळे पुढे ढकलायला जागाच राहत नाही.
रानात नागमोडी फिरत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घ्यायची नाही. सगळी मिसळून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच. अहवालात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर निघालं, म्हणून ते देणारं डीएपी खत कमी केलं. भाऊ म्हणाला, "शेजारी टाकतोय तेवढं तरी टाक." उत्पन्नात फरक पडला नाही, खर्चात पडला.

निवांत
मी काही ठरवत नाही. झोप छान लागते.

धागाकर्ती
निवांत, तुमचा टेकू सगळ्यांत भक्कम दिसतोय! काळी माती, फळबागेतही माती अशीच घ्यायची का?

काळी माती
फळबागेत वेगळं ताई. तिथे खोलवरची मातीही थरांप्रमाणे वेगवेगळी घेतात.

रानवाट
माझं वर्ष अजून उजाडायचंय, तरी आखणी सांगतो. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. अकरा आपल्याकडचे, जिंजी तमिळनाडूत. सगळे एका वर्षात बघायचे आहेत. आधी सोयीनुसार क्रम लावला होता, मग होड्यांचं कळलं. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्गाला होडी सुटत नाही. म्हणून पाण्यातले तिन्ही, म्हणजे खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग, मार्चच्या आत. विजयदुर्गात चालत जाता येतं, पण तो त्याच वाटेवर आहे. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, तो दिवाळीनंतर. आईचे गुडघे दुखतात, पण तिलाही यायचंय. तिच्यासाठी पन्हाळा गाडीनं आणि रायगड रोपवेनं. राजगड तिला खालून दाखवणार, त्यावरून घरात आत्ताच रुसवाफुगवी सुरू आहे.

मंडईवाली काकू
मी चौपन्नाव्या वर्षी स्कूटर शिकले. आधी नुसतंच "यंदा शिकायची" चालायचं. मग मुलानं शिकाऊ लायसन काढून दिलं. ते सहा महिनेच चालतं, आणि पक्क्या लायसनची परीक्षा महिनाभर तरी देता येत नाही. म्हणजे मुदत आरटीओनंच घातली, मला फक्त पळायचं होतं. पहिल्यांदा शाळेच्या मैदानावर, रविवारी, पोरं क्रिकेट खेळत असताना, ती पोरंच "काकू, ब्रेक!" म्हणून ओरडायची. आता सुनेला मागे बसवून मंडईत नेते. ती अजून माझा खांदा सोडत नाही. आणि मंडईजवळ स्कूटर लावायला जागा कुठे मिळते, हे कोणी सांगेल का?