मदत हवी आहे: क्रीमच्या 'क्रॉसरोड्स'मध्ये सम नेमकी कुठे हरवते?

मंडळी, ड्रम्स किंवा तबला वाजवणाऱ्यांनी जरा कान द्या. क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या 'व्हील्स ऑफ फायर' अल्बममधलं (1968) लाइव्ह 'क्रॉसरोड्स' हे गाणं गिटारवर बसवतोय. (त्या लाइव्ह तबकडीवर नाव फिलमोर सभागृहाचं असलं तरी हे गाणं सॅन फ्रान्सिस्कोच्याच विंटरलँड सभागृहात 10 मार्च 1968ला ध्वनिमुद्रित झालंय. असो.)

पहिला सोलो बसला. शेवटच्या कडव्याआधीचा लांबलचक सोलो मात्र हाती लागत नाही. बारा बारचं (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं) साधं ब्लूजचं आवर्तन, पण मधेच गिटारवादक एरिक क्लॅप्टन दुसऱ्या-चौथ्या मात्रेऐवजी पहिल्या-तिसऱ्यावर जोर देतोय असं वाटतं. आपण चुकीच्या मात्रेवर गेलो होतो, असं तोही नंतर म्हणालाय. जॅक ब्रूसचा बेस धरून चालावं, तर तोही सोलोच वाजवत सुटलाय! उरला ड्रमर जिंजर बेकर.

तर, नक्की कितव्या आवर्तनात घसरतं? आणि मोजताना बेकरचा स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) धरू की हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी)? वेग निम्म्यावर आणून ऐकलं, तर झांजांचा नुसता चिखल होतो. कुणी हे बारप्रमाणे लिहून काढलं असेल तर फोटो टाका. हाताने खरडलेलंही चालेल.