अनुभव धागा: तुमचं हटके व्हिजिटिंग कार्ड पाहून मालक काय म्हणाले?

आपल्याकडे नोकरी मागायला जाणारा बायोडाटा नेतो. कार्ड असतं विमा एजंटचं नाहीतर मंडप-डेकोरेशनवाल्याचं. तरी काही जण वेगळी कार्डं करून जिनिंग (कापसातून सरकी काढणारी गिरणी), रिसॉर्ट, बियाणे कंपन्यांत गेलेत असं कानावर आलं. काय बनवलं आणि समोरचा काय म्हणाला ते लिहा. ‘छान दिसत होतं’ एवढंच नको.

हिंगणघाट, कापूस ग्रेडर
माझं कार्ड काळं, मॅट. एका कडेला पांढऱ्या रेघांची मिलिमीटर पट्टी, नाव-नंबर मागे. कापूस पारखताना पुंजका चिमटीत ओढून धागे सरळ करतात अन् लांबी बघतात. काळ्यावर धाग्याचं टोकही दिसतं. पट्टीवर दोन जागा जाड केल्या: 24.5 ते 25.5 मध्यम धागा, 29.5 ते 30.5 लांब. हमीभावात हे वर्ग रोज बोलले जातात. जिनिंगच्या शेठजींनी कार्ड वाचलंच नाही. गंजीतून मूठभर कापूस उपटला, माझ्यासमोर धरला, म्हणाले, “सांग.” धागा अठ्ठावीसच्या आत आहे म्हटलं, आणि ओल जास्त आहे हेही. बायोडाटा त्यानंतर मागितला. छापून आलेली पट्टी मात्र स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. छापणारे पानात बसवायला आकार बारीक करतात, मग सगळाच धागा लांब निघतो!

अकोला, बी.एस्सी. अ‍ॅग्री
चिंध्यांच्या हातकागदावर केलं, लगद्यात तुळशीचं बी. हे लेझर प्रिंटरमधून काढू नका. आत दोनशे अंशांच्या आसपास तापतं, बी भाजून निघतं. स्क्रीन प्रिंटिंगच करा. बियाणे कंपनीच्या साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं आणि विचारलं, “उगवण किती टक्के?” सोयाबीनला किमान 70 टक्के लागते हे सगळ्यांना पाठ, कार्डाची कोण मोजतो? मी मोजली होती, ओल्या गोणपाटावर. पुढची मुलाखत त्यावरच रंगली. घेतलं नाही, त्यांना तालुके पिंजून काढणारा विक्रीवाला हवा होता.

मोहर्ली (ताडोबा), नॅचरलिस्ट
ग्रेडर दादा, माझ्याही कार्डाला पट्टी आहे, सेंटिमीटरची. वाघाच्या पगमार्कशेजारी, म्हणजे पावलाच्या ठशाशेजारी, ठेवून फोटो काढायला. कार्ड नऊ सेंटिमीटरचं, मोठ्या नर वाघाचा पंजा त्याच्या बाहेर जातो. पाहुणे तिथंच थक्क होतात. सफारीत गाडीतून उतरता येत नाही, म्हणून रिसॉर्टमागच्या पांदणीवर दाखवते.

अहेरी, वेल्डर
मी कार्डावर क्यूआर टाकला होता, कामाचा व्हिडिओ दाखवाले. मालकाच्या शेडमधी रेंजच नाही बापा! मंग पुतण्यानं दुसरा क्यूआर करून देल्ला, त्यात निस्तं नाव न् नंबर. स्कॅन केला का फोनमधी सेव्ह होते, नेट लागत नाही.

वर्धा, वर्कशॉप मालक
मी कामावर ठेवणारा. एकानं बांबूच्या कामटीवर कोरलेलं कार्ड दिलं. सुरेख! पण पाकिटात मावेना, आणि कोरलेल्या नंबरात रंग नसल्यानं तीन होता की आठ तेच कळेना. सुपरवायझरनं शेवटी त्याच्या गावी निरोप धाडला. नंबर मोठा अन् काळा टाका रे. आणि ‘क्रिएटिव्ह’ काय लिहिता, ‘लेथवर टर्नर’ लिहा.

पुलगाव, लग्नपत्रिका छपाई
आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात, तेव्हा या. थोडे नगही करून देतो. काळ्यावर पांढरं हवं असेल तर शाईचे दोन हात लागतात, एका हातात राखाडी दिसते. त्याचे पैसे वेगळे, आधीच सांगून ठेवतो.