मदत हवी आहे: मामांच्या जुन्या फेंडर बेस गिटारची नेक उघडू की नको?

नमस्कार मंडळी,

मामा तरुणपणी मुंबईत हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे, नंतर जहाजावर लागले. तिथूनच हा फेंडर कंपनीचा जॅझ बेस आला. मामी आता म्हापशाचं घर आवरतायत, म्हणून तो माझ्याकडे. विकायचा नाहीच. पण सगळं मूळचं आहे की बॉडी एकाची, नेक (तारा दाबायची लांब दांडी) दुसऱ्याची अशी खिचडी आहे, एवढं कळायला हवंय.

मागच्या प्लेटवर मोठा 'एफ' आणि दोन लाखांतला सहा आकडी नंबर. त्यावरून लोक 1967-68 सांगतात. पण प्लेट काय, चार स्क्रूंची, कुणीही बदलेल. नॉबवाली पट्टी उचलून बघितली तर पॉटच्या (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) पाठीवर 3046636. म्हणजे 1966 चा 36 वा आठवडा ना? मग मेळ कसा बसायचा?

नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर तारखेचा शिक्का असतो म्हणतात. एका दुकानात नेला, तर तिथल्या माणसाने तारा ताणलेल्या असतानाच नेकच्या स्क्रूला हात घातला. बेस उचलला आणि घरी आलो. आता स्वतःच उघडावी म्हणतो, पण स्क्रूंनी गोव्याचे कितीतरी पावसाळे खाल्लेत. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद 1

पॉटची काळजी सोडा. 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, तारीख तुम्ही बरोबर वाचलीत. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा भलामोठा साठा घेतला होता, तो 1969 पर्यंत पुरला. पॉट फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो. त्यापेक्षा सोल्डर बघा: जुना, मळकट, एकदाच दिलेला डाग हवा. बघायचा फक्त, सोल्डरिंगची इस्त्री लावायची नाही. ते डाग हाच पुरावा.

प्रतिसाद 2

आधी चारही तारा थोड्या थोड्या करून पूर्ण सैल करा. बेसच्या तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. दुकानदाराचं तेच चुकलं. स्टार स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर डोकं झिजेल. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री थोडा वेळ टेकवा, मग फिरवा. चौघांना आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा. पुठ्ठ्यावर भोकं पाडून ज्याचा त्याच्या जागी खोचून ठेवा.

नेक रंगाने चिकटली असेल तर हलकेच डोलवा. पटाशी घातलीत तर माझ्याशी बोलू नका! खाली पाचर निघाली तर टाकू नका. शिक्क्यातला पहिला आकडा तारीख नसतो, मॉडेल असतं. जॅझ बेसला 7. पॉकेटमध्ये (बॉडीतली नेक बसायची खाच) रंग न लागलेली लांबट पट्टी दिसली तर उत्तम, रंगवताना तिथे काठी ठोकलेली असायची. पुन्हा रंगवलेल्या बॉडीत ती बहुधा बुजते.

परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा.

धागाकर्ता

झालं! तिसऱ्या स्क्रूला दोनदा इस्त्री लागली. शिक्का '7 मार्च 68 ए'. काठीची पट्टी स्पष्ट दिसते. पुठ्ठ्याची पाचर होती, तशीच ठेवली.

मामींना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, 'ह्यावर एक चकचकीत झाकण होतं रे.' ब्रिजवरचं, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथलं असणार. मामा त्यात सिगारेटची राख झाडायचे, म्हणे. अजून बाल्कनीत तुळशीमागे पडलंय.