नागपूर–नांदेड हायब्रिड विमानानं: हिशेब जमतो का?

भौतिकी_धरमपेठ:
मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात प्रश्न आला की बॅटरीवर बस चालते, तर नागपूर–नांदेड विमान का नाही? हवाई अंतर साधारण २८० किलोमीटर. मूळच्या स्वीडिश हार्ट एरोस्पेसनं आपल्या ३० आसनी ईएस-३० साठी नुसत्या बॅटरीवर २०० आणि हायब्रिडवर, म्हणजे बॅटरी आणि इंधन दोन्हीवर, ४०० किलोमीटरचा पल्ला सांगितलाय. आपल्याकडे हे खरंच जमेल का? मुलांना आकड्यांनिशी उत्तर द्यायचंय.

सोनेगाव_हँगर:
ताई, माझी नोकरी विमान देखभालीत गेली, त्यातली बरीच वर्षं एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानावर. म्हणून हिशेब त्याच विमानाचा मांडतो.

एटीआर-७२ तासाला ढोबळमानानं साडेसहाशे किलो इंधन खातं. एका किलोत जवळपास १२ किलोवॅट-तास ऊर्जा, त्यातली पंख्यापर्यंत पोचते तीसेक टक्के. म्हणजे तासाला सुमारे २,३०० किलोवॅट-तास काम झालं. आजचा बॅटरी पॅक किलोमागे ०.२ किलोवॅट-तास देतो असं धरा, थोडी घट वजा करा, की एका तासाला १३ टन बॅटरी लागते. पूर्ण भरलेलं एटीआर-७२ उडतंच २३ टनांवर. प्रवासी कुठे बसवायचे?

पण मुलांना खरं शिकवायचं ते राखीव इंधनाचं. नांदेडला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठता यावा आणि वर अर्धा तास घिरट्या घालता याव्यात, एवढं इंधन टाकीत लागतंच. छोट्या मार्गावर हे राखीव जवळपास प्रवासाएवढंच भरतं. ते बॅटरीत वाहून नेणं म्हणजे रोज न वापरायचं वजन रोज उचलणं. म्हणून प्रवास बॅटरीवर आणि राखीव तेलावर, ही ईएस-३० मागची कल्पना मला पटते. शिवाय तेल जळून विमान हलकं होतं, बॅटरी उतरतानाही तेवढीच जड. त्याचा भार चाकं, ब्रेक, लँडिंग गिअर सोसणार.

आता आपला मे महिना. ४५ अंशाला नागपूरची हवा प्रमाण (१५ अंशाच्या) हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ. पंख कमी उचलतात, इंजिन कमी जोर देतं, आणि बॅटरी थंड ठेवायची यंत्रणा वेगळी. अशा दुपारी उड्डाण आणि चढाईपुरती मोटरची मदत घ्यायची, पुढे समतल उड्डाणाला छोट्या इंजिनावर भागवायचं. विमानाची इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी कॅनडानं २०२१ मध्ये डॅश-८ या पंख्याच्या प्रवासी विमानासाठी हाच मार्ग जाहीर केला, ३० टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचं लक्ष्य ठेवून. माझा भरवसा यावर आहे.

गोंदियाकर:
भाऊ, चार्जिंगची वीज नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या कोळशातूनच येणार ना? आन् गोंदियाहून नागपूरला रेल्वे दोन तासांत आणते. मग फायदा काय?

सोनेगाव_हँगर:
गोंदियासाठी काहीच नाही, तिथे रेल्वेच बरी. कोळशाचं तुमचं म्हणणंही खरं. त्यात बॅटरीचं आयुष्य धरा: इटलीच्या टेकनाम कंपनीनं २०२३ मध्ये आपलं बॅटरीवरचं छोटं विमान, पी-व्होल्ट, थांबवलं, कारण काही शे फेऱ्यांनंतर अख्खी बॅटरी बदलावी लागली असती. दिवसाला सहा फेऱ्या मारणाऱ्या कंपनीला हे झेपणार नाही.

फायदा आहे तो रेल्वे नसलेल्या भागाला. अमेरिकेच्या इलेक्ट्रा कंपनीनं २०२३ मध्ये दोन आसनी गोल्डफिंच विमान हायब्रिडवर उडवलं. पंखावरच्या आठ मोटरी फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवर) हवा फेकतात, त्यामुळे धावपट्टी शंभर मीटरच्या आत पुरते. बॅटरी उडताना जनरेटरच भरतो, जमिनीवर चार्जर लागत नाही. त्यांचं पुढचं विमान नऊ आसनी आहे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाकडे, असं विमान उतरलं तर रुग्ण नागपूरला तासाभरात पोचेल.

भौतिकी_धरमपेठ:
दादा, १३ टनांचा हिशेब उद्या फळ्यावर मांडते. राखीव इंधनाचं गणित मात्र मुलांकडूनच करून घेईन, नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) वळावं लागलं असं धरून.

सोनेगाव_हँगर:
धरा. हवाई अंतर साधारण २१५ किलोमीटर. अर्ध्या तासाच्या घिरट्या वर मिळवायला सांगा.