बॉयलरच्या फ्लूतून निघतो तो धूर की वाफ?

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घर तापवणारा गॅस बॉयलर पंधराएक वर्षांचा आहे. थंडी पडली की बाहेरच्या फ्लूतून, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, पांढरे लोट निघतात, तोंडाशी थेंब जमतात. घरात सगळे ‘धूर येतोय’ म्हणतात. भूगोलातलं ‘सांद्रीभवन’ (वाफेचं पाणी होणं) आठवतं, पण ते रोजच्या बोलण्यात कसं आणायचं?

उत्तर १ : धूर मुळीच म्हणू नका. धूर म्हणजे काजळी, जळण अर्धवट जळल्याची खूण. बॉयलरवर काळे डाग पडले किंवा निळी ज्योत पिवळी झाली, तर कार्बन मोनॉक्साइडची भीती असते. तेव्हा तो लगेच बंद करून ‘गॅस सेफ’ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी) यादीतला माणूस बोलवायचा. रोजच्या पांढऱ्या लोटाला धूर म्हणायची सवय लागली, तर खऱ्या धुराच्या दिवशी कुणी उठून बघणार नाही.

तुमच्याकडे दिसते ती वाफ. एक घनमीटर मिथेन जळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमधून ते खूप तापलेल्या वायूबरोबर निघून हवेत विरायचं. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवीन गॅस बॉयलर कंडेन्सिंगच, म्हणजे वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणारेच, लागतात (अपवाद थोडे). त्यांत वायू ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे त्याच्या दवबिंदूपर्यंत (जिथे वाफेचं पाणी व्हायला लागतं तिथपर्यंत) निवतो, म्हणून लोट दाट दिसतो.

उत्तर २ : सहमत. एक भर घालतो. किटलीच्या तोंडापाशी बोटभर जागा मोकळी दिसते ना, खरी वाफ तिथे आहे. पुढचं पांढरं म्हणजे बारीक थेंब. तरी बोलताना ‘वाफ’च बरी.

सांद्रीभवनाला आपल्याकडे क्रियापदं आहेत. झाकणाला वाफ धरते, फ्रिजमधल्या बाटलीला पाणी सुटतं. बॉयलरलाही ‘आत पाणी सुटतं’ म्हणावं. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ते सुटायलाच हवं, कारण वाफेतली उष्णता तेव्हाच घराला मिळते. जुन्या बिडाच्या बॉयलरमध्ये मात्र त्याच पाण्याने गंज चढतो, कारण ते आम्लधर्मी असतं.

प्रश्नकर्ता : आणि तोंडाशी टपकतं ते?

उत्तर २ : चारदोन थेंब असतील तर निथळ. धार लागली असेल तर सरळ गळती म्हणा. फ्लूला बॉयलरकडे थोडा उतार ठेवलेला असतो, म्हणजे पाणी आत येऊन निचऱ्याच्या नळीने जातं. तो उतार बिघडलाय का, तेवढं तपासून घ्या.