जपानी वाचता येतं, ऐकताना अडतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. क्लास न लावता घरीच जपानी शिकतोय. हिरागाना-काताकाना या लिप्या पक्क्या आहेत, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतल्या एन४ पातळीचं व्याकरण आणि कांजी (चिनी चिन्हं) झाली. क्रियापद शेवटी, नामाला चिकटणारे प्रत्यय, सगळं मराठीच्या वळणाचं, त्यामुळे वाचन फारसं जड गेलं नाही. घोडं अडलंय ऐकण्यात.

पुस्तकात 'ताबेते शिमाइमाशिता' (खाऊन टाकलं) शिकलो, माणसं बोलताना म्हणतात 'ताबेचात्ता'. 'शिनाकेरेबा'चं 'शिनाक्या' होतं. लिहिलेलं दिसलं की लगेच कळतं. कानावर पडलं की उलगडा होईपर्यंत पुढची वाक्यं निघून जातात. आणि हा भाग सोडताही येत नाही, कारण त्यापुढच्या एन३ पातळीला एकूण १८० पैकी ९५ मिळाले तरी श्रवणात ६० पैकी १९ हवेतच.

एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या ऐकून पाहिल्या, पण त्यांचे उच्चार फार स्वच्छ, बोलीचा सराव होत नाही. अंकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ कार्डं केली. मालिका पाहताना डोळे उपशीर्षकांवरच जातात.

शिफ्टची नोकरी आहे, म्हणून ऑनलाइन बॅचही नको. घरी जेमतेम अर्धा तास मिळतो, शिवाय बसचा प्रवास, तोही फक्त हेडफोनवर.

स्वतःच्या अभ्यासावर एन३ काढलेल्यांना विचारतो: घरच्या अर्ध्या तासात छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून शब्दन्‌शब्द लिहून काढावा, की आवाजामागोमाग मोठ्याने बोलत जावं? आणि बसमध्ये ऐकायला रोजच्या बोलीतलं, पण संहितेसकट मिळणारं ऑडिओ कोणतं?